सहाशेवं अक्षर

टाचेवरचा तो काळा ठिपका
भरमा पेंटरनं आधी टर्पेंटाइननं पुसला.
मग रॉकेलनं.
मग पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला.
इनॅमलचा थेंब असणार, म्हणाला,
शिडीवर अनवाणीच चढतो की मी.

आता खडेबाजारातल्या आमच्या लॅबमध्ये
स्टुलावर पाय घेऊन बसलाय.
डॉक्टर खानापूरच्या कॅम्पला,
आणि बेंगळूरहून आलेला रिपोर्ट
मी तिसऱ्यांदा वाचतेय.
"सांगा की ओ मॅडम, कुठल्या भाषेत लिवलंय?"

कुठल्याच नाही, भरमाण्णा.
एक प्रथिन असतं, पेशीच्या आत, वाटेत उभं.
बाहेरून सांगावा आला की
पुढच्याच्या कानात घालतं : वाढ.
तो त्याच्या पुढच्याला.
असं पार गाभ्यापर्यंत.
मग ते गप्प बसतं.
गप्प बसणं, हेही त्याचं कामच.
तुमच्यात सहाशेव्या जागी
एक अक्षर बदललंय.
आता कुणी निरोप देवो न देवो,
ते सांगतच सुटलंय.

"एकूण अक्षरं किती?"
सातशे सहासष्ट.
"त्यात एक चुकलं, तर आमच्यात
गिऱ्हाईक बी सोडून देतंय."

पण त्याला कळलं होतं.
शहराच्या नावाला एक वेलांटी वाढली
त्या वर्षी चाळीस पाट्या त्यानं महिन्याभरात
पुसल्या आणि लिहिल्या.
वर कन्नड, खाली मराठी,
कुणाची उंची किती ते बघायला
टेप घेऊन माणसं यायची.
एका रात्री दोन्हींवर डांबर फासलं कुणीतरी.
सकाळी त्यानं दोन्ही परत लिहिली,
मजुरी एकाचीच मिळाली.

गोळ्या आहेत, मी म्हटलं.
त्या प्रथिनाचं तोंड दाबून धरतात.
काही महिने.
मग बऱ्याचदा सांगावा
दुसऱ्या गल्लीनं निघतो.
हे शेवटचं मी बोलले
की नुसतंच वाचलं मनात,
आता आठवत नाही.

मोजा चढवताना त्यानं विचारलं,
"त्येवढंच एक पुसून
परत लिवता येत नाही व्हय?"

मी कागदाची घडी घातली.
पुन्हा उघडली.

दारात थांबून तो वर बघत राहिला.
"तुमच्या निदानातली वेलांटी उडालीय.
उद्या येऊन लावतो. पैसे नकोत.
शिडी कोण धरणार
तेवढं बघून ठेवा."