सपाट तळ

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या रेषा गिरवल्या.
तुर्भ्याच्या कारखान्यात, ट्रेसिंग पेपरवर,
पंपाचं पोट, व्हॉल्व्हची मान,
आणि कोपऱ्यातल्या चौकटीत ‘रेखन’पुढे माझी आद्याक्षरं,
‘संकल्पन’पुढे कायम कुणीतरी दुसरं.

ही पहिली, जिच्या दोन्ही घरांत मीच.
साडेचौदा फूट. रुंदी पाच फुटांना दोन बोटं कमी.
नाळ उभी, जुन्या वळणाची,
पाणी कापणारी, थापटणारी नव्हे.
तीच धार मागे जाता जाता उलगडते
आणि शेवटच्या चार फुटांत तळ
पोळपाटासारखा.
आठ घोड्यांचं इंजिन. पुरे.
जास्त घोडे लागतात ते वाईट रेषेला.

दिवाळ्याच्या धक्क्यामागे, ताडपत्रीखाली
जोमा मिस्त्रीने कागद उलटा धरला, सुलटा धरला.
“बेस काढलंस बाय. पन पानी कागद वाचीत नाय.”
मग एक डोळा मिटून
लवचीक पट्टी वाकांवरून सोडली
आणि माझी कड अर्ध्या बोटाने बाहेर घेतली.
दोन रात्री मी त्या अर्ध्या बोटावर धुमसले.
तिसऱ्या दिवशी हात फिरवून पाहिला:
माझ्या रेषेत एक गाठ होती,
डोळ्याला न दिसणारी, तळव्याला कळणारी.
तो काही बोलला नाही.
तोंडातला तांब्याचा खिळा काढला, ठोकला.

अष्टमीच्या भांगाला होडी उतरवली.
मूठ पिळली तशी ती मागच्या मागे बसली,
नाळ आभाळात,
समोर पाणीच नाही, नुसतं उतरणारं विमान.
माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.
काठावरून जोमा ओरडला, “वजन फुरं ने, वजन!”
पेट्रोलचा डबा नाळेत सरकवला, नांगर त्याला टेकवला,
सुकाणूच्या दांड्याला प्लंबरचा पाइप जोडला
आणि मी स्वतः मधल्या फळीवर येऊन बसले.
नाळ खाली आली.
चबचब थांबून एक लांब आवाज सुरू झाला,
नवं मांजरपाट फाडावं तसा.

आता भाची ऋजुता शिकते आहे. तिला सांगते:
दांडा डावीकडे ढकल, ती उजवीकडे वळेल,
यात न पटण्यासारखं काय आहे? तसंच आहे.
वळताना घाबरून मूठ सोडू नकोस, हळू कर आधी.
धक्क्याला नेहमी प्रवाहाच्या तोंडाने ये,
खाडी स्वतःच ब्रेक लावते.
आणि एकदम थांबलीस तर मागे बघ,
आपणच उठवलेली लाट येऊन
मागच्या फळीवरून आत पाय धुवून जाते.
तळाखालचा तो लाकडी पर
जोमाने मला न विचारता लावलेला.
बाजूचा वारा आला की कळतं
त्याविना ही तव्यावरच्या लोण्यासारखी सरकली असती.

काल अमावास्येचं उधाण. ओहोटी सुसाट.
तिवरांच्या आतल्या ओहोळात बोय उड्या मारत होते,
ते बघत राहिले आणि पाणी निघून गेलं.
चार बोटं, दोन बोटं, मग चिखल.
इंजिन वर उचललं. पुढची भरती पाच तासांनी.
निवट्या बाहेर आल्या,
डोळे वटारून माझ्या होडीची पाहणी करू लागल्या.
फोन वाजला.
“कुठं हायस गो?”
“चिखलात.”
पलीकडे क्षणभर रंधा थांबला.
“आडवी परली?”
फळीवर पाण्याची बाटली उभी ठेवली होती.
तिच्यातल्या पाण्याकडे पाहिलं.
“नाही. सपाट बसलीय.”
“मंग बराबर हाय,” म्हणाला,
आणि रंधा पुन्हा सुरू झाला.