विषय क्रमांक सात

रेक्सम कौन्सिल. विषय क्रमांक सात:
फेफरं येणाऱ्यांना रात्रीची सोबत.
निविदा तीन. सगळ्यांत स्वस्त ती,
जिच्यात गादीखाली सेन्सर आहे, माणूस नाही.

डेलिथ प्रोबर्टनं कागद आणले नव्हते.
अंडी उकडायचं घड्याळ पिशवीतून काढून
तिनं टेबलावर पिळलं.
"गेथिनला एवढा वेळ लागतो. बसा."

अध्यक्षांनी पाण्याकडे हात नेला, मागे घेतला.
कुणाचा तरी बूट हलला.
हिशेब बघणाऱ्या बाई खिडकीतून
खालच्या गाड्या मोजत होत्या,
मग त्याही नाही.
अजून वाजत नव्हतं.

मी इतिवृत्त लिहिणारा.
वाजल्यावर लिहिलं: चर्चा झाली नाही.
खोडलं.
जाताना, कोटाची बाही शोधत, ती म्हणाली,
"कुशीवर कोण वळवणार त्याला?"
तेवढं ठेवलं.