जुनी नोंद पुसायची का?

रात्री पावणेदोन. डंडीत मार्च संपत आलाय
आणि टे नदीवरचा पूल खिडकीतून गायब.
समुद्रावरून येणाऱ्या या धुक्याला इथे 'हार' म्हणतात.
पहिल्या वर्षी मला वाटलं होतं, कोण हरलं?

पडद्यावर ब्रेनोक मरून पडलाय.
एकडोळ्या नावाडी. सदतीस तास माझ्यासोबत चालला,
दर मुक्कामी कांद्यांबद्दल कुरकुरत.
पुलावरच्या पहारेकऱ्याला पटवायला सतरा हवे होते.
फासा टाकला, दान पडलं तीन.
माझं नाव तिथे येसू. पाठीवर भाता, एक पाय अधू,
आणि नेमकं तेव्हा येसूला धड बोलता आलं नाही.

दहा मिनिटांपूर्वीची नोंद आहे, शाबूत.
तिच्यात तो शेकोटीपाशी कांदा सोलतोय.
एक बटण फक्त.
शिवाय चिंचवडहून निनादने पाठवलेली ओळ आहे फोनवर:
मावशी, एवढं टाइप कर, अमर होशील, पैसेपण अनलिमिटेड.
कुणाला कळणार आहे?
खरंच, कुणाला?
समोर कुणी गडी नाही. कुणाचं काही जात नाही.
शेजारच्या मिसेस गेडीस टीव्हीपुढेच झोपल्यात,
भिंतीतून त्यांचा हवामानाचा अंदाज ऐकू येतो.

मी काही हरिश्चंद्राची नात नाही.
दुकानात आपलं बिल आपणच करायच्या मशीनवर
बदामाचा क्रोसाँ मी साधा म्हणून दाबलाय,
दोनदा. बरं, तीनदा.
आणि याआधीच्या खेळात टाइपही केली होती तसली ओळ.
भिंतींतून आरपार गेले. मजा आली, वीसेक मिनिटं.
मग दिसलं, घरांना मागची बाजूच नाही.
राजाच्या डोक्यात शिरले
तर आत नुसते दोन बुबुळांचे गोळे आणि दातांची कवळी,
हवेत तरंगत, मला पाठमोरे.
पुढे डोंगर संपला. त्यापुढे करडं काहीतरी,
ज्याला नाव द्यायचे कष्टही कुणी घेतले नव्हते.
तो खेळ मी परत उघडला नाही.

मिरजेला रेल्वे क्वार्टर्सच्या मागे लगोरी चालायची,
मी त्यात कच्चं लिंबू.
आउट झाले तरी आउट नाही.
चेंडू सणकून पाठीत बसायचा
आणि कुणी ओरडायचंच नाही.
चेंडूचा वळ दोन दिवसांत जायचा,
त्या न ओरडण्याचा मात्र राहिला.
एका संध्याकाळी रडून सांगितलं, मला बाद करा.

दिवसा मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पेशी मोजते.
काचपट्टीवर, जांभळ्या, शंभरपर्यंत.
एखादी इकडची तिकडे पडावी असं वाटतं कधी,
रिपोर्टवर वय वाचलं की.
जितक्या दिसतात तितक्या लिहिते, खाली सही करते.
तिथे दान परत टाकता येत नाही
म्हणून इथेही टाकू नये, असं माझं म्हणणं नाही.
उलट इथे तरी टाकावं.
बोट बटणावर आहेच की अजून.

पण मागे गेले तर तो तेच वाक्य बोलेल, त्याच जागी,
आणि सतरा पडेपर्यंत मी त्याला मारत राहीन.
चार वेळा. नऊ वेळा.
मग वाचेल. कांद्यांबद्दल कुरकुरेल,
आणि मी शेकोटीशी बसेन त्याच्याकडे न बघता,
मोजण्याची सवय आहे मला.

येसू त्याचं वल्हं उचलते.
वजन अठरा. अर्धे बाण टाकून द्यावे लागतात.
नाव हाकण्याचं कौशल्य: शून्य.
म्हणजे काठाकाठाने वर, उतार सापडेपर्यंत, लंगडत.

खेळ विचारतो, जुनी नोंद पुसायची का?
चहा गार झालाय. पूल अजून नाही.

हो.