विषय-निश्चिती

एम.टेक.चं दुसरं वर्ष. बाहेर त्रेचाळीस.
केबिनमधला पंखा तीच हवा ढवळतो.
लावण्या गज्जम टेबलावर आलेख पसरते:
अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमागाची कंपनं,
सांगाड्याला चिकटपट्टीनं बांधलेला मोबाईल,
एकवीस दिवस.

मी म्हणतो, सांगितलं होतं ना,
सिम्युलेशन घे, लवकर सुटशील.
ती गप्प.
मग पेन्सिलीनं एक गोल करतो:
हा रोजचा एक ते दीड, वेगळाच दिसतो.
गोंगाट आहे. काढून टाक.

‘सर, तेव्हा वडील जेवतात.
माग आईकडे असतो.
धागा तुटायच्या आधीच थांबवते ती.’

फॉर्मवर विषयाची ओळ अजून कोरी.
पाचच्या आत विभागप्रमुखांची सही हवी.
मी खोडरबर शोधतोय,
गोल पुसायला.