दर्शक

हरिपूरच्या हायस्कुलात मी एकतीस वर्षं
प्रयोगशाळेत होतो.
कागदावर 'परिचर'. खरं तर बाटल्या धुणारा.
सर फळ्याशी बोलायचे,
मी मागं उभा राहून फडकं पिळायचो,
आणि विज्ञान तसंच बोटांना लागत गेलं
कुणाला न विचारता,
हळदीसारखं.

आता रिटायर. दर गुरुवारी, सुट्टी झाली की,
पॉलिशच्या कारखान्याबाहेर
पत्र्याच्या शेडखाली पाट मांडतो.
सामान फार नाही.
हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या
जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू,
कपड्याचा साबण, अर्धं लिंबू,
शकूर पानवाल्याकडनं उसना आणलेला चुना.

पिवळ्या कागदावर ओला साबण ओढला.
कागद लाल.
बिराप्पा हमाल उकिडवा बसला होता, तो उठलाच.
"च्यायला! हे तर माझ्या बनियनचं.
बायको साबण लावती नि वरडती,
आज कुणाशी मारामारी केलास?"

"आणि घाम लागला तर?" एक पोरगं.
घाम जरासा आंबट, म्हणालो,
आंबटापुढं हळद आपली पिवळीच राहते.
साबण बघितला की लाल होते.
"लाजती व्हय," मागनं इंदूबाई.
मी लिंबू पिळलं.
लाल डाग पुन्हा पिवळा,
जसं काही झालंच नव्हतं.
पोरांनी शिट्ट्या घातल्या.

पुस्तकात याला नावं आहेत, मी सांगितलं.
आंबट ते आम्ल.
साबण, सोडा, चुना हे आम्लारी.
अरी म्हणजे वैरी. आम्लाचा वैरी.
"भावकीतलं हाय म्हणा की," बिराप्पा.
आणि कोण कुठल्या बाजूचं,
हे रंग बदलून सांगणारी हळद, ती दर्शक.
दर्शक म्हणजे दाखवणारा, असं सर सांगायचे.
मला तेव्हा वाटायचं, बघणारा.
मागच्या भिंतीला टेकलेला.

मग चुना लावला.
हा लाल वेगळा. दाट. थेंबाच्या कडेला काळपट.
बोलणं थांबलं.
सोनाक्का पुढं सरकली,
तेवीस वर्षं हळद निवडणारी,
कोपरापर्यंत पिवळी, कपाळाला कोरी.
"हा रंग मला म्हाईत हाय."
कुंकू, म्हणालो. पूर्वी असंच करायचे,
हळदीलाच चुना देऊन.
"म्हंजे हळद नि कुंकू एकच?"
एकच. मधी फक्त चुना.

तिनं कागद उजेडाकडं धरला,
उलटा करून बघितला,
मागं कुणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त छापलेला.
"अगं बया," ती म्हणाली,
"मग आमाला कुणीतरी चुनाच लावला की!"

हसायचं का, कुणाला कळेना.
आधी तीच हसली,
पदर तोंडाला न लावता,
मग इंदूबाई, मग सगळी शेड.
एकतीस वर्षांत असा निष्कर्ष
एकाही वहीत वाचला नव्हता मी.
पाट आवरताना हात जरा थरथरले.

जाताना तिनं विचारलं,
"हळदीचा डाग जातो कशानं?"
उन्हानं. धुवायचं आणि उन्हात टाकायचं.
ऊन त्या रंगाला मोडतं.
"सगळाच?"
वेळ लागतो, म्हणालो.
"लागू दे."

पुढच्या गुरुवारी मी पोचलो,
तर पाट मांडलेला.
सोनाक्का पाटाशी, चुन्याची डबी स्वतःची,
नातीचं बोट धरून म्हणत होती,
"आधी सांग बघू, काय हुईल? मग लाव."
माझ्याकडं बघून म्हणाली,
"बसा की. आज मी दावते."

बसलो नाही.
मागं गेलो, पत्र्याला टेकलो,
खिशातलं फडकं काढून
सवयीनं पिळलं.
कोरडंच होतं.