चालू इंजिन

या अक्षराचा जन्म सांगतो आधी.
पलूसला, पेट्रोलपंपाच्या मागं,
हिंदुराव मोकाशीचा ट्रॅक्टर, बॅटरी उतरलेली.
"बंद केला तर ढकलायला चौघं लागतील,
असाच रंगव," म्हणाला, आणि चहाला गेला.

मडगार्ड थरथरतंय, मी ब्रश टेकवला.
लिहायचं होतं : सावकाश ये, मी पुढं हाय.
शिरोरेघ झोळली, धुणं वाळत घातलेल्या दोरीगत.
ढ चं पोट सुटलं.
काना कमरेत वाकला,
आणि मी ची वेलांटी
मागून कोण येतंय ते बघायला वळली.
मी रडकुंडीला.
हिंदुराव आला, बघत राहिला,
आणि असा हसला की चहा नाकातून बाहेर.

आठवड्यात तीन ट्रॉल्या दारात.
"तसलंच काढा, तांबोळी. नाचरं."
इंजिन बंद, हात स्थिर,
आता थरथर मुद्दाम आणायची.
ते शिकायला दोन वर्षं गेली माझी.

निलोफर, भाची माझी, सांगलीत शिकते,
एकेक अक्षर कॉम्प्युटरात उतरवते.
म्हणते, मामू, फॉन्टसोबत चार ओळी लागतात,
हे कुठं वापरायचं?

लिही.
भडंगाच्या गाड्यावर. कुल्फीच्या डब्यावर.
बालवाडीच्या भिंतीवर, पण खाली,
पोरांचं बोट फिरेल इतकं खाली.
बेंदराला बैलाच्या पाठीवर.
बँडवाल्याच्या ढोलावर, तिथं तर ते
आपलं आपणच हलतंय.
लग्नाच्या पत्रिकेवर चालेल,
मुलाकडच्यांना आधी विचारा.

दवाखान्यावर नको.
एका दाताच्या डॉक्टरला काढून दिलं होतं,
पेशंट पाटी बघून पायरीवरनंच परत :
ह्याचा हात पण असाच चालतो का?
डेअरीच्या दरफळ्यावर तर नकोच.
आकडा हसला की माणसं भांडायला उठतात.

"आणि नाव काय देऊ?"
हिंदुरावला विचार.
बॅटरी अजून बदललेली नाही त्यानं.

एक राहिलं.
पूर ओसरल्यावर अंकलखोपला बोलावलं होतं,
शाळेच्या भिंतीवर रेघ मारायला.
'पाणी इथवर आलं होतं.'
पट्टी नेली, ओळंबा नेला.
सरळ अक्षर काढायचं, खिडकीच्या गजासारखं.
रेघ माझ्या डोक्यावर दोन हात.
शिडी लावली, चढलो.
बाकं बाहेर उन्हात, चिखलाचा वास,
सगळा गाव गप्प,
कुणाचंच इंजिन चालू नव्हतं.

तरी पाणी मधला णी बघ एकदा जाऊन.
लोकांना वाटतं, पेंटरनं मुद्दाम काढलाय.

त्याचा फोटो नको घेऊ, निलू.
फॉन्टसाठी दुसरा काढून देतो.
हसरा.