सातशे सत्याहत्तर

मे महिना. परभणी. माती परीक्षणाच्या
मागच्या खोलीत, जिथे आधी नमुन्यांची पोती असायची,
तिथे आता सर्व्हर आहे, आणि इमारतीतला एकमेव एसी.
म्हणून दुपारी दोननंतर
सगळ्यांनाच माझ्या तब्येतीची चौकशी करावीशी वाटते.

किनवटहून मुनीरसरांचा फोन :
"संजीवनी, तीन आठवडे झाले, एक मेल नाही.
मी रिटायर झालो की गेलो?
तुम्ही लोकांनी काय धरलं?"
बघते, म्हटलं.

जाताना सरांनी आपल्या घरात
(सर्व्हरवरच्या; ते अजून त्यांच्याच नावावर आहे)
एका ओळीची चिठ्ठी ठेवली होती :
माझं जे येईल ते या पत्त्यावर धाडा.
नावाआधी ठिपका असलेली फाइल.
येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही,
टपाल वाटणारा प्रोग्राम मात्र हुडकून काढतो.
दोन वर्षं बिनचूक काढत होता.

लॉगमध्ये त्याची तक्रार सापडली,
त्याच्या कोरड्या भाषेत :
चिठ्ठी आहे. जागा भरवशाची नाही. वाचली नाही.

"मॅडम, मानवतच्या पोरींची फाइल सेव्हच होईना गेलती,"
विश्वंभर ढगे, नवीन, मिशी अजून ठरायची आहे,
"म्हणून मी वरून खालपर्यंत
सातशे सत्याहत्तर मारून दिलं. समद्यांनाच.
कामून? चुकलं का?"

नमुन्याच्या रिकाम्या पाकिटावर मी त्याला मांडून दाखवलं.
चार म्हणजे वाचायचं, दोन म्हणजे लिहायचं,
एक म्हणजे उंबरा ओलांडायचा.
पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा जगाचा.
जग म्हणजे आपल्याकडे एकोणतीस माणसं,
त्यातलं एक पासवर्ड कॅलेंडरवर लिहून ठेवतं,
एकादशीच्या चौकटीत.

आणि कुणीही येऊन खोडावी
अशा घरातली चिठ्ठी
सरांनीच लिहिली कशावरून?

"म्हणजे लई उघडं केलं म्हणून बंद पडलं?"
हाव.

तो थोडा वेळ पाकिटाकडे बघत बसला.
"आमच्याकडं किल्ली चौकटीवर ठेवतेत.
समद्या गल्लीला माहीत असतंय.
कधी काही गेलं नाही."
गल्ली म्हणजे गट, मी म्हटलं. जग नाही.

पोरींच्या 'नमुने' फोल्डरला सातशे पंचाहत्तर,
आणि पुढे एक दोन लावला :
आता आत जन्मेल त्या फाइलीला
बनवणाराच्या घराण्याचं नाही, गल्लीचं नाव लागेल.
घरं परत सातशे पंचावन्नवर.
सरांच्या चिठ्ठीवर लिहायचा हक्क फक्त सरांचा.
एवढ्याला चार मिनिटं लागली. चहा त्याहून उशिरा आला.

पत्रं कुठे गेली नव्हती.
चिठ्ठी वाचायची नाही म्हटल्यावर
त्याने ती सरांच्या जुन्या पेटीत टाकून दिली होती,
दोनशे बारा.

मी रूट. मला कुठलाच आकडा अडवत नाही,
चार नाही, दोन नाही, शून्यसुद्धा नाही.
ही गोष्ट या इमारतीत कुणाच्या लक्षात नाही,
आणि मी कधी सांगायलाही गेले नाही.

यादीत तेवढे विषय दिसले. दिसतातच.
पदनिवृत्तांची बैठक. बँकेचं केवायसी. परत केवायसी.
आणि एकाच पत्त्यावरून तीन :
सर, एक शंका आहे.
सर, तीच शंका.
सर, बरे आहात ना?

पेटी न उघडता सगळी रांगेला लावली.
एकेक सुटत गेलं किनवटकडे.
साडेपाचला लाइट गेली, इन्व्हर्टरने आवंढा गिळला,
रांग चालू राहिली.

रात्री सरांचा मेसेज : आले सगळे. एकाला फोन केला.
बाकी काही नाही.

सकाळी विश्वंभर विचारतो,
"मॅडम, त्याची शंका काय होती हो?"
माहीत नाही, म्हटलं.

त्याने एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.
त्याला काही ते पटलं नाही.